सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तारखा वेगवेगळ्या का येतात? गर्भाचं वय कसं ठरतं आणि कोणती तारीख धरायची

गरोदरपणात एकेका बाईच्या फाइलमध्ये तीन-चार सोनोग्राफी रिपोर्ट जमा होतात आणि पुष्कळदा प्रत्येकावर प्रसूतीची तारीख वेगळी असते. तिसऱ्या महिन्यातल्या रिपोर्टवर १८ ऑक्टोबर, पाचव्या महिन्यातल्यावर १४ ऑक्टोबर, आठव्यातल्यावर थेट ३१ ऑक्टोबर. मग घरात प्रश्न सुरू होतात. बाळ मागे पडलंय का? मशीन चुकलं का? शेवटचा रिपोर्ट सगळ्यांत ताजा, म्हणजे तोच बरोबर असणार ना?

उत्तर नेमकं उलटं आहे. तारखेच्या बाबतीत सगळ्यांत आधी, नीट काढलेला रिपोर्ट सगळ्यांत भरवशाचा. त्यावरून तारीख एकदा ठरली की पुढच्या कुठल्याही सोनोग्राफीने ती बदलायची नसते. असं का, हे समजायला मशीन नक्की काय मोजतं इथून सुरुवात करावी लागते.

मशीन वय मोजत नाही

प्रोबमधून, म्हणजे तपासताना अंगाला लावायच्या मशीनच्या दांड्यातून, आवाजाच्या लहरी शरीरात जातात, ऊतींच्या सीमांवर आदळून परत येतात. परत यायला किती वेळ लागला यावरून मशीन अंतर काढतं. त्यासाठी शरीरातल्या मऊ ऊतींत आवाज सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असं ते धरून चालतं. म्हणजे मशीनच्या हाती येतं ते फक्त अंतर: इथून तिथपर्यंत इतके मिलिमीटर. त्यानंतर मशीनमध्ये भरलेला तक्ता सांगतो, की एवढ्या लांबीचे गर्भ सरासरी इतक्या दिवसांचे असतात. रिपोर्टवर छापलेलं वय हे असं आकारावरून बांधलेलं अनुमान असतं.

हे अनुमान कधी चांगलं ठरेल? एकाच वयाचे सगळे गर्भ जवळपास एकाच मापाचे असतील तेव्हा. पहिल्या तीन महिन्यांत ते बऱ्यापैकी तसेच असतात. आईवडिलांची उंची, वारेतून मिळणारं पोषण, आईचा मधुमेह किंवा रक्तदाब यांचा परिणाम तेव्हा अजून फारसा दिसत नाही. पुढे तो वाढत जातो आणि वय तेच असूनही मापं पांगतात. बालवाडीतल्या मुलांच्या उंचीवरून वयाचा अंदाज बरा लागतो. आठवीच्या वर्गात तोच प्रयोग फसतो, तसंच हे.

पाळीपासूनचा हिशोब आणि तो कुठे चुकतो

गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. रिपोर्टवर हा दिवस ‘एलएमपी’ म्हणून लिहिलेला असतो. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. त्यामुळे रिपोर्टवर ‘६ आठवडे’ असतात तेव्हा गर्भ तयार होऊन सुमारे ४ आठवडेच झालेले असतात. हा दोन आठवड्यांचा फरक माहीत नसल्याने काही घरांत बाईवर नको त्या शंका घेतल्या जातात. रिपोर्ट हातात देतानाच कुणीतरी तो समजावून सांगायला हवा.

एलएमपीपासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे पूर्ण होतात तो दिवस प्रसूतीची अपेक्षित तारीख, म्हणजे ‘ईडीडी’. तोंडी हिशोबासाठी जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाची रीत आजही वापरतात: एलएमपीत ७ दिवस मिळवा आणि ९ महिने पुढे जा. एलएमपी १ जानेवारी असेल तर ८ ऑक्टोबर. महिने कमीजास्त दिवसांचे असल्याने या रीतीत आणि २८० दिवसांच्या मोजणीत एक ते तीन दिवसांचा फरक पडू शकतो. तो मनावर घेऊ नये, कारण नेमक्या ईडीडीच्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात.

हा सगळा हिशोब दोन गोष्टींवर उभा आहे. एक, पाळी दर २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास स्त्रीबीज बाहेर पडतं. दोन, तारीख बरोबर लक्षात आहे. पाळी ३५ दिवसांनी येणाऱ्या बाईत स्त्रीबीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, म्हणजे तिचा गर्भ हिशोबापेक्षा आठवड्याने लहान असणार आणि त्यात काहीही बिघाड नसतो. पीसीओएसमध्ये (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याच्या त्रासात) हा फरक कितीही असू शकतो. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, किंवा अंगावर पाजत असताना पाळी नीट सुरू होण्याआधीच दिवस गेले असतील, तर एलएमपीवर विसंबता येत नाही. उलट बाजूची चूकही होते. गर्भ रुजण्याच्या सुमारास थोडं रक्त जातं, तीच पाळी समजून सांगितली जाते, आणि मग सोनोग्राफीत गर्भ ‘मोठा’ निघतो. शिवाय आठवून सांगितलेल्या तारखा १, ५, १०, १५ अशा सोयीच्या आकड्यांकडे झुकतात. म्हणून ज्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता आहे तेव्हापासून पाळीची तारीख कॅलेंडरवर किंवा फोनमध्ये टिपून ठेवणं फार उपयोगाचं.

पहिली सोनोग्राफी: डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी

योनीमार्गातून केलेल्या तपासणीत साधारण पाचव्या आठवड्यात गर्भाशयात गर्भाची पिशवी दिसते, साडेपाचच्या सुमारास तिच्यात योक सॅकचं, म्हणजे सुरुवातीला गर्भाला पोसणाऱ्या छोट्या पिशवीचं, बारीक गोल कडं, आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास गर्भ आणि त्याची धडधड. पोटावरून बघितलं तर हे सगळं काही दिवस उशिरा दिसतं, कारण पोटावरच्या प्रोबला दूरवर पोचायचं असल्याने त्याची वारंवारता कमी असते आणि चित्र तितकं बारीक येत नाही.

नुसती पिशवीच दिसत असेल तर तिच्या तीन बाजूंच्या मापांची सरासरी मिलिमीटरमध्ये काढून त्यात ३० मिळवले की दिवसांचा ढोबळ अंदाज येतो. १२ मिलिमीटरची पिशवी म्हणजे सुमारे ४२ दिवस. पण पिशवीचा आकार भरलेल्या लघवीच्या पिशवीने किंवा गाठीने दबून बदलतो, आणि सारख्या वयातही ती लहानमोठी असते. त्यामुळे पिशवीच्या मापावरून ईडीडी पक्की करू नये. गर्भ दिसू लागला की तोच मोजायचा.

हे माप म्हणजे सीआरएल: डोक्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची सरळ लांबी. पाय यात धरत नाहीत. ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली ग्लासगोहून ही पद्धत मांडली आणि १९७५ साली फ्लेमिंग यांच्यासह तिचा तक्ता दिला. तो आजही अनेक मशीनमध्ये आहे. त्या तक्त्याप्रमाणे १० मिलिमीटरला ७ आठवडे १ दिवस, २५ ला ९ आठवडे २ दिवस, ४५ ला ११ आठवडे २ दिवस, ६० ला १२ आठवडे ३ दिवस आणि ८४ ला १४ आठवडे १ दिवस येतात. दुसऱ्या तक्त्याने एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून रिपोर्टवर तक्त्याचं नाव असलेलं बरं.

सर्वांत चांगला काळ ८ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत. यामागचं गणित साधं आहे. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास गर्भ दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, बाराव्याला जवळजवळ २ मिलिमीटर. बाराव्या आठवड्यात मापात २ मिलिमीटरची चूक झाली तर वय एका दिवसाने हलतं. सहाव्या आठवड्यात गर्भच ४ मिलिमीटरचा असतो, कडा अंधूक असतात, शेजारी योक सॅक चिकटलेली असते. तिथे तीच २ मिलिमीटरची चूक सुमारे चार दिवसांची होते. म्हणजे ‘जितकं लवकर तितकं चांगलं’ हेही पूर्ण खरं नाही. धडधड बघण्यासाठी सहाव्या-सातव्या आठवड्यात तपासणी झाली असेल, तरी तारीख पक्की करायला काही आठवड्यांनी घेतलेली लांबी जास्त चांगली. ८४ मिलिमीटरच्या पुढे मात्र गर्भ वाकतो, वळतो, सरळ लांबीला अर्थ उरत नाही. तिथून डोक्याचं माप घ्यायचं.

माप घेण्याची रीत ठरलेली आहे. गर्भ कुशीवरून, बरोबर मधोमध कापल्यासारखा दिसला पाहिजे: चेहऱ्याची बाजू, पाठीचा कणा आणि ढुंगण एकाच चित्रात. तो पडद्यावर शक्य तेवढा आडवा हवा आणि चित्र इतकं मोठं करावं की बहुतेक पडदा त्यानेच भरेल. मान ना छातीवर दुमडलेली ना मागे ताणलेली. हनुवटी आणि छातीच्या मध्ये पाण्याची काळी फट दिसली की मान ठीक आहे असं समजायचं. मोजणीच्या खुणा डोक्याच्या आणि ढुंगणाच्या त्वचेच्या बाहेरच्या कडेवर ठेवायच्या. अशी तीन चित्रं घेऊन सरासरी काढायची. गर्भ दुमडलेला असेल तर थांबायचं, प्रोबने हलकेच पोट हलवायचं, बाईला थोडं चालून यायला सांगायचं.

चुका होतात त्या बहुतेक या घाईतूनच. मान दुमडलेली किंवा छेद तिरका असेल तर लांबी कमी भरते आणि गर्भ लहान वाटतो. मान ताणलेली असेल, किंवा योक सॅक अथवा पाय मापात गेला, तर लांबी वाढते. एकच चित्र, तेही लहान, आणि वरच्या वर मोजून मोकळं होणं, याने जो आठवडा चुकतो तो पुढचे सहा महिने बाईच्या फाइलमध्ये राहतो. या एका मापावर पाच मिनिटं जास्त खर्च करावीत, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं.

फार लवकरच्या तपासणीत गर्भ हिशोबापेक्षा लहान निघाला तर दोन शक्यता असतात: गर्भधारणा उशिरा झाली, किंवा गर्भाची वाढ थांबली. एका चित्रावरून यातलं काहीच ठरवू नये. योनीमार्गातून बघताना लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही धडधड नसेल, किंवा पिशवीची सरासरी २५ मिलिमीटर झाली तरी आत गर्भ नसेल, तरच गर्भ टिकला नाही असं निश्चित म्हणता येतं. त्याखालची मापं असतील तर सात ते चौदा दिवस थांबून पुन्हा बघायचं. त्या आधी गर्भपाताच्या गोळ्या घेण्याची किंवा गर्भाशय साफ करण्याची घाई करणं म्हणजे चालू असलेला गर्भ गमावण्याचा धोका पत्करणं.

तारीख बदलायची की नाही

पाळीची तारीख आणि पहिल्या सोनोग्राफीची तारीख यांत फरक असतोच. किती फरक चालवून घ्यायचा याला मर्यादा आहेत. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने, एसीओजीने, २०१७ साली दिलेल्या मर्यादा पुष्कळ ठिकाणी वापरतात. पाळीप्रमाणे ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत असाल तर ५ दिवसांहून जास्त फरक असेल तरच सोनोग्राफीची तारीख घ्यायची. ९ आठवड्यांपासून १५ आठवडे ६ दिवसांपर्यंत ७ दिवसांहून जास्त, १६ ते २१ आठवडे ६ दिवस असताना १० दिवसांहून जास्त, २२ ते २७ आठवडे ६ दिवस असताना १४ दिवसांहून जास्त, आणि २८ आठवड्यांनंतर २१ दिवसांहून जास्त. फरक मर्यादेत असेल तर पाळीचीच तारीख कायम. ब्रिटनमध्ये मात्र पहिल्या तिमाहीतली सीआरएल मिळाली की सरळ तिचीच तारीख धरतात. दोन्ही रीती चालतात. एका बाईसाठी दोन्ही एकत्र करू नयेत.

सुरुवातीच्या उदाहरणातल्या बाईचा हिशोब करून बघू. एलएमपी १ जानेवारी, पाळी अनियमित. २६ मार्चला सोनोग्राफी झाली तेव्हा पाळीप्रमाणे ८४ दिवस, म्हणजे बरोबर १२ आठवडे झालेले. सीआरएल भरली ३८ मिलिमीटर, म्हणजे ७४ दिवस, १० आठवडे ४ दिवस. फरक १० दिवसांचा, मर्यादा ७ दिवसांची. म्हणून तारीख बदलली: २६ मार्चला गर्भ ७४ दिवसांचा धरायचा, २८० व्हायला २०६ दिवस बाकी, ईडीडी १८ ऑक्टोबर. तीच लांबी ४५ मिलिमीटर भरली असती तर ११ आठवडे २ दिवस आले असते, फरक ५ दिवसांचा, आणि ८ ऑक्टोबर तशीच राहिली असती.

टेस्टट्यूब पद्धतीने राहिलेल्या गर्भाला हे काहीच लागत नाही. गर्भ कधी तयार झाला हे माहीतच असतं. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवसांनी, तीन दिवसांचा असेल तर २६३ दिवसांनी ईडीडी. तिथे सोनोग्राफीने तारीख हलवणं चूकच. आपोआप राहिलेल्या जुळ्यांत दोघांपैकी ज्याची सीआरएल जास्त त्याच्यावरून वय ठरवतात, कारण लहान असलेल्यावरून ठरवलं तर त्याचं मागे पडणं झाकलं जातं.

चौथ्या महिन्यानंतरची मापं

आता चार मापं येतात आणि रिपोर्टवर ती आद्याक्षरांनी लिहिलेली असतात. बीपीडी म्हणजे डोक्याची रुंदी, एचसी डोक्याचा घेर, एसी पोटाचा घेर, एफएल मांडीच्या हाडाची लांबी. विसाव्या आठवड्यात ती साधारण ४७, १७५, १५० आणि ३३ मिलिमीटरच्या आसपास असतात. ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांनी १९८४ साली ही मापं एकत्र करून वय काढण्याची सूत्रं दिली. रिपोर्टवर तक्त्याचं नाव म्हणून ‘हॅडलॉक’ दिसतं ते हेच.

डोक्याची मापं घेताना छेदात मधली रेषा, दोन्ही थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातले दोन गोळे) आणि पुढच्या बाजूला केव्हम ही छोटी चौकोनी पोकळी दिसली पाहिजे. लहान मेंदू दिसत असेल तर छेद तिरका झालाय. रुंदी कवटीच्या एका बाजूच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाजूच्या आतल्या कडेपर्यंत घेतात. काही तक्ते बाहेर ते बाहेर मापावर बनलेले आहेत, आणि माप एका रीतीने घेऊन तक्ता दुसरा वापरला की उगाच काही दिवसांचा फरक निघतो. घेर मात्र हाडाच्या बाहेरून, त्वचा सोडून. पायाळू बाळात, जुळ्यांत किंवा गर्भजल कमी असताना डोकं दोन्ही बाजूंनी चेपून लांबट होतं. तेव्हा रुंदी कमी भरते, घेर तेवढा बदलत नाही. म्हणून १४ आठवड्यांनंतर वय ठरवायचं झालं तर रुंदीपेक्षा घेरावर जास्त भर द्यावा.

पोटाचा घेर घेताना जठराचा काळा ठिपका आणि यकृतातली नाळेची शीर एकाच गोल छेदात हवी, मूत्रपिंडं दिसता कामा नयेत, आणि प्रोब दाबून पोट लंबगोल करायचं नाही. वयासाठी हे चारांतलं सगळ्यांत कच्चं माप, कारण बाळाचं खाणंपिणं सगळ्यांत आधी यकृतात आणि पोटावरच्या चरबीत दिसतं. त्याच कारणाने बाळाचं पोषण कसं चाललंय हे बघायला ते सगळ्यांत मोलाचं. मांडीचं हाड आडवं दिसेल असं धरून फक्त हाड झालेला भाग मोजतात, टोकाची कूर्चा सोडून.

२२ आठवड्यांआधी नीट घेतलेल्या या मापांवरूनही तारीख बऱ्यापैकी पक्की होते, दहा दिवसांच्या आतबाहेर. पहिल्या तिमाहीत तपासणी राहून गेली असेल तर अवयवांच्या तपासणीसाठी होणारी १८ ते २२ आठवड्यांची सोनोग्राफी ही तारखेसाठी शेवटची चांगली संधी. एसीओजीच्या भाषेत, २२ आठवड्यांआधी एकही सोनोग्राफी नसलेल्या गरोदरपणाची तारीख कच्चीच समजायची.

आठव्या महिन्यात ‘दोन आठवडे मागे’

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. २३ ऑगस्टला, ईडीडी १८ ऑक्टोबर धरून ३२ आठवडे पूर्ण झालेल्या बाईच्या रिपोर्टवर ‘सरासरी वय ३० आठवडे १ दिवस, ईडीडी ३१ ऑक्टोबर’ असं छापून येतं. मशीनला बाळाची मागची तारीख माहीत नसते. त्याने त्या दिवशीची चार मापं घेतली, प्रत्येकाचं सरासरी वय काढलं, त्यांची सरासरी केली आणि उरलेले दिवस मोजून नवी तारीख छापली.

या आकड्याची खरी ओळख ‘वय’ अशी नसून ‘माप’ अशी आहे. तो सांगतो, की हे बाळ सरासरी ३० आठवड्यांच्या बाळाएवढं आहे. या टप्प्याला अशा अनुमानाची चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास डोक्याची रुंदी आठवड्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, शेवटच्या महिन्यात साधारण दीड. म्हणजे ३ मिलिमीटरची तीच चूक आधी एका आठवड्याची होती, ती आता दोन आठवड्यांची होते, आणि त्यावर बाळांमधला नैसर्गिक लहानमोठेपणा वेगळा.

पण तारीख न बदलण्याचं मुख्य कारण याहून गंभीर आहे. समजा कुणी ३१ ऑक्टोबर खरी धरली. मग कागदावर बाळ अगदी ‘वयानुसार योग्य’ झालं आणि ते मागे पडलंय ही बातमीच पुसली गेली. वार नीट काम करत नसेल तर हेच बाळ सगळ्यांत जास्त लक्ष देण्याजोगं असतं. २५ ऑक्टोबरला त्याचे ४१ आठवडे भरतील, फाइलमध्ये मात्र ३९ आठवडे १ दिवस दिसेल आणि सगळे निवांत वाट बघत राहतील. पोटात बाळ दगावण्याच्या काही घटना अशा सरकवलेल्या तारखांमागे असतात. उलट प्रकार आईला मधुमेह असताना घडतो: ३४ आठवड्यांचं बाळ मापाने ३७ चं दिसतं, तारीख अलीकडे आणली जाते, पूर्ण दिवसांचं समजून प्रसूती केली जाते आणि बाळाची फुप्फुसं तयार नसतात.

म्हणून शेवटच्या तिमाहीत बाळ लहान दिसलं तर विचारायचे प्रश्न वेगळे. ठरलेल्या वयाला त्याचं वजन आणि पोटाचा घेर शंभरांत कितव्या क्रमांकाला येतो? तो दहाव्याच्या खाली आहे का? गर्भजल किती? नाळेच्या रक्तवाहिनीतला प्रवाह डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, कसा आहे? आणि मागच्या मापापासून वाढ किती झाली? दोन मापांत किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं, त्याहून कमी अंतरात खरी वाढ आणि मोजणीतली चूक वेगळी करता येत नाही. काही बाळं नुसतीच अंगाने लहान असतात, आईवडिलांसारखी, आणि आपल्या रेषेने व्यवस्थित वाढत राहतात.

तारीखच माहीत नसेल तर

सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदाच तपासणीला आलेल्या, पाळी न आठवणाऱ्या बाईच्या गर्भाचं वय ठरवणं अवघड आहे, पण हात टेकण्यासारखं नाही. चारही मापं घ्यावीत आणि त्यांच्या जोडीला लहान मेंदूची रुंदी मोजावी. पाचव्या महिन्याच्या सुमारास तिचे मिलिमीटर आणि आठवडे जवळपास सारखे असतात, विसाव्या आठवड्यात सुमारे २० मिलिमीटर, आणि पुढे मिलिमीटर आठवड्यांच्या वर जातात. बाळाचं पोषण कमी पडलं तरी या भागाची वाढ त्यामानाने टिकून राहते, म्हणून इतर मापं मागे आणि हे पुढे असेल तर बाळ वयाने मोठं पण अंगाने बारीक असण्याची शंका घ्यावी. मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकाला हाडाचा छोटा ठिपका साधारण ३२-३३ आठवड्यांनंतर दिसतो, त्याखालच्या नडगीच्या टोकाला ३५-३६ नंतर. बाळाची पहिली हालचाल कधी जाणवली हेही विचारावं. पहिलटकरणीला ती बहुधा १८ ते २० आठवड्यांत जाणवते, आधी बाळंतपण झालेलीला त्याहून थोडी आधी. मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मापं घेऊन वाढ बघायची. इथे मिळालेली तारीख कच्चीच असते आणि फाइलवर तसं स्पष्ट लिहायचं, म्हणजे कळा आणण्याचा निर्णय घेणाऱ्याला ते दिसेल.

या तारखेवर किती गोष्टी टांगलेल्या असतात ते पाहिलं की एवढा काटेकोरपणा का, ते कळतं. गर्भाच्या मानेमागच्या पाण्याची तपासणी सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच करता येते. आईच्या रक्तातल्या मार्करचा (बाळातल्या दोषाची जोखीम सांगणाऱ्या घटकांचा) निकाल त्या वयाच्या मधल्या आकड्याशी ताडून बघतात, त्यामुळे वय आठवड्याने चुकलं तर निरोगी बाळाची जोखीमही जास्त दिसू शकते. अपुऱ्या दिवसांत कळा आल्या तर फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची की नाही, हे साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या हिशोबाने ठरतं. दिवस उलटल्यावर कळा कधी आणायच्या हेही तारखेवरच. सुरुवातीला सोनोग्राफीने तारीख पक्की केली तर ‘दिवस उलटले’ म्हणून कळा आणण्याची वेळ कमी बायकांवर येते.

रिपोर्ट वाचताना

‘१०+५’ म्हणजे १० आठवडे ५ दिवस. ‘१०.७ आठवडे’ असं छापलेलं असेल तर ते दशांशात आहे: ०.७ आठवडा म्हणजे सुमारे ५ दिवस. ते १० आठवडे ७ दिवस असं वाचून ११ आठवडे धरल्याची चूक सर्रास होते. महिन्यांत मोजणं टाळावं, ‘सातवा चालू’ आणि ‘सात पूर्ण’ यांत चार आठवड्यांचा गोंधळ होतो. एका रिपोर्टवर ‘पाळीप्रमाणे’, ‘सोनोग्राफीप्रमाणे’ अशा दोन तारखा शेजारी असतील तर कोणती धरायची हे तपासणी करणाऱ्याने किंवा प्रसूतितज्ज्ञांनी लिहून दिलं पाहिजे. तसं नसेल तर विचारा. हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही.

पहिल्या तिमाहीतला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवा आणि त्याचा फोटो फोनमध्येही ठेवा, कारण दवाखाना बदलला किंवा रात्री-अपरात्री दुसरीकडे जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना सगळ्यांत आधी तोच लागतो. फाइलच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून घ्या: ‘नक्की केलेली ईडीडी १८ ऑक्टोबर, २६ मार्चच्या सीआरएल ३८ मिलिमीटरवरून’. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या वेळी ही ओळ दाखवून रिपोर्टमधलं वय याच तारखेपासून मोजायला सांगा.